पुढे जाणाऱ्या गाडीचा मागचा पांढरा दिवा

घटस्थापनेच्या आदल्या रात्री तुळजापूरच्या घाटातून ज्योती कशा उतरतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मंडळाची पोरं आळीपाळीनं धावतात, अनवाणी पायांचे आवाज येतात, सोबतीला टेंपो नाहीतर जीप असते. यंदा त्या गाड्यांच्या पाठीवर जे काही पेटलेलं दिसलं, त्याचा राग आठवडा उलटला तरी ओसरत नाही. गाडी पुढे चालली आहे आणि मागे घेतानाचा दिवा जळतो आहे. तोही कारखान्यातून आलेला पिवळसर बल्ब नव्हे. निळसर पांढरा, डोळ्यांत सुईसारखा घुसणारा एलईडी.

धावणाऱ्या पोरांना पायाखालचं दिसावं म्हणून तो लावला, असं मंडळवाले सांगतात. त्यांच्या हेतूत खोट नाही. पण मागून येणाऱ्या चालकाला त्या झोतापुढे धावणारा पोरगा नीट दिसत नाही, दिसतो तो फक्त झोत. ज्याला वाचवायचं, तोच त्यात हरवतो. सोबतीची गाडी पोरांच्या मागे ठेवावी, तिचे हेडलाइट डिप्परवर असावेत आणि चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. मग पोरांना रस्ता दिसतो आणि मागच्याला पोरं. त्यासाठी एक रुपयाचाही खर्च नाही.

मंडळांचं एक वेळ समजून घेता येईल, कारण त्यांची रात्र एकच. वर्षभर हेच दिवे लावून फिरणाऱ्या चारचाकीवाल्यांचं काय?

रिव्हर्सच्या दिव्याची मूळ रचना अगदी साधी आहे. पुष्कळ गाड्यांत तिथे 21 वॉटचा बल्ब असतो, साधारण 460 ल्यूमेन प्रकाशाचा. गिअर रिव्हर्समध्ये टाकला की गिअरबॉक्सवरचा स्विच तो पेटवतो, गिअर काढला की विझवतो. चालकाच्या मर्जीला तिथे जागाच ठेवलेली नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली नाही. हा दिवा चालकाला मागचं दाखवतो, पण त्याहून मोठं काम म्हणजे तो मागच्या माणसाला बजावतो : गाडी तुझ्याकडे येते आहे, बाजूला हो. बाजारात पिशवी घेऊन उभी असलेली म्हातारी हा दिवा पाहून सरकते. तिला गाडीचा गिअर दिसत नसतो. तिचा सगळा विश्वास त्या पांढऱ्या उजेडावर असतो.

कायद्यानंही त्याच विश्वासाला जागा दिली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 108 वा नियम सांगतो की वाहनानं मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवू नये. त्यात मोजक्या सवलती आहेत. नंबरप्लेट उजळणारा पांढरा दिवा ही एक, आणि गाडी मागे घेताना वापरायचा पांढरा दिवा ही दुसरी. म्हणजे रिव्हर्सचा दिवा ही गाडी मागे घेण्यापुरती दिलेली सूट आहे. याच 108 व्या नियमात दुरुस्ती करून 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या आणि साहेबांच्या टपावरचे लाल दिवे उतरवले गेले. तेव्हा लोकांना किती आनंद झाला होता! सत्तेचा दिवा गेला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी काहींनी आता स्वतःचा दिवा मागे लावून घेतला आहे.

कारण ॲक्सेसरीजच्या दुकानात नुसता बल्ब बदलून मिळत नाही. रिव्हर्सची वायर वेगळी काढून डॅशबोर्डखाली बटनही बसवून मिळतं. बटन दाबलं की दिवा चालू, मग गाडी ऐंशीच्या वेगानं पुढे का जात असेना.

का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. ‘मागनं अप्पर मारतंय की ओ! एकदा बटन दाबलं की गप डिप्परवर येतंय.’

हे उत्तर इतक्या आत्मविश्वासानं दिलं जातं की ऐकणाऱ्याला क्षणभर पटतं. म्हणूनच ते पुरतं उलगडून पाहायला हवं. मागच्याचे डोळे दिपवून त्याला शहाणा करायचं, असा हा हिशेब. त्या मागच्याची गाडी साठच्या वेगानं येत असेल तर ती एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे सरकते. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले तर पन्नास मीटर रस्ता त्यानं आंधळ्यासारखा काटला. त्या पन्नास मीटरच्या टोकाला कोण आहे? ज्यानं बटन दाबलं, त्याचीच गाडी. तिच्या मागच्या सीटवर त्याची बायको आणि झोपलेली लेकरं आहेत. धडा शिकवणाऱ्यानं आपल्या घरच्यांनाच मध्ये बसवलं आहे.

बरं, मागे नेहमी अप्पर मारणाराच असतो का? येडशीच्या घाटात, ढोकी-तेर रस्त्यावर, कळंबच्या बाजूला मागे दुचाकीवर दूधवाला असतो. रात्रीच्या विजेच्या पाळीला मोटार चालू करायला निघालेला शेतकरी असतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करावं की करू नये, या विचारात असलेला एखादा टमटमवाला असतो. त्यांच्यापैकी कुणी अप्पर मारलेलं नसतं, पण एकदा चालू केलेलं बटन बंद करायचं राहून जातं आणि शिक्षा त्यांना होते. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाच्या डोळ्यांत असा उजेड अधिकच पसरतो, वयाबरोबर डोळे सावरायला वेळही जास्त लागतो. साठीतल्या शेतकऱ्यानं या चालकाचं कोणतं घोडं मारलं होतं?

आणि ज्यानं खरोखर अप्पर मारलं, तो तरी खाली येतो का? पुष्कळदा तो आणखी चिडतो. त्याच्याकडेही हेडलाइटच्या जुन्या काचेत कोंबलेला एलईडी असतो. पिवळ्या बल्बच्या तारेसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे चिप नेमक्या जागी बसत नाहीत, उजेड वर आणि बाजूला उधळतो. त्यामुळे डिप्पर लावूनही समोरच्याला तो अप्परच वाटतो. म्हणजे एकानं चुकीचा दिवा लावला म्हणून दुसऱ्यानं चुकीचा लावला, आणि दोघांमधला रस्ता कुणालाच दिसेनासा झाला.

यावरचा खरा इलाज गाडीत पहिल्यापासून आहे. बऱ्याच गाड्यांत आतल्या आरशाच्या खाली एक छोटी दांडी असते. ती ओढली की आरशाचा कोन बदलतो आणि मागचा झोत मंद दिसू लागतो. किती चालकांनी ती कधी ओढली आहे? तीही नको असेल तर डावीकडे घ्या, वेग कमी करा, त्याला पुढे जाऊ द्या. एक गाडी पुढे गेली म्हणून धाराशिवहून सोलापूर लांब होत नाही.

राहिलेल्या सबबींना इतका वेळ देण्याची गरज नाही. दुकानात मिळतं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. सगळेच लावतात, हे खोटं आहे. पासिंगच्या वेळी काढून ठेवतो म्हणणारा तर आपली चूक आपणच कबूल करतो.

सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की वाहनाच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल कायद्याला मान्य नाहीत. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तरीही काळ्या काचा फिरतातच. 4141 चा ‘दादा’ करणाऱ्या नंबरप्लेटवर या स्तंभात याआधीही लिहिलं आहे आणि पुढेही लिहावं लागणार आहे. अशा गाड्या पाहाव्यात : पुढे ‘दादा’, बाजूला काळी काच, मागे पांढरा झोत. मालकाला सगळ्या जगानं पाहावं असं वाटतं, पण जगाकडे पाहायला तो तयार नाही. आणि काळ्या काचेमुळे मागचं दिसत नाही, म्हणून मोठा बल्ब हवा, हेही हाच मालक सांगतो. आधी फिल्म काढावी.

एलईडीशी वैर नाही. पांढऱ्या एलईडीची वाट उघडणारा निळा एलईडी ज्या तिघांनी घडवला, त्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. कमी विजेत जास्त उजेड देणारी ही वस्तू खेड्यापाड्यांतल्या घरांत पोचली, हेही चांगलंच झालं. अनेक नव्या गाड्यांत रिव्हर्सचा दिवा कंपनीकडूनच एलईडीचा येतो, पण त्याची काच, कोन आणि तीव्रता त्याच दिव्यासाठी तपासलेली असते. जर्मनीनं 2020 मध्ये जुन्या हेडलाइटसाठी एलईडी बल्बला परवानगी दिली, तीसुद्धा सरसकट नव्हे. कोणत्या मॉडेलच्या कोणत्या दिव्यात तो चालेल, हे तपासून.

आपल्याकडे 1 जुलै 2019 नंतरच्या नव्या कारमध्ये मागे घेताना अडथळा दिसला की वाजणारा सेन्सर सक्तीचा आहे. जुनी गाडी वापरणाऱ्याला अंधाऱ्या वस्तीवर, विहिरीच्या कडेनं गाडी वळवावी लागते, त्याची अडचण खरी आहे. त्यानं आधी दिव्याची धुरकटलेली काच पुसावी, काळवंडलेला बल्ब बदलून त्याच वॉटचा नवा टाकावा, होल्डरचा गंज काढावा. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. एवढं करूनही त्यानं एखादा बरा एलईडी बसवला आणि तो फक्त रिव्हर्स गिअरलाच पेटत असेल, तर नियमाच्या कसोटीवर ते बसत नाही, पण त्याच्याशी भांडायला हा स्तंभ जाणार नाही. आरटीओनंही आधी ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन बटनं मोजावीत.

ते बटन मात्र राहता कामा नये. डॅशबोर्डखालून आलेली जादा वायर तोडून दिवा पुन्हा गिअरच्या स्विचला जोडणं, हे गावातल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनचं थोड्या वेळाचं काम आहे. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून पूजेला उभी राहील, त्याआधी ते करून घेता येईल.