पाठीचं मागणं

मोटारसायकल धावते, तिच्यावरचा माणूस धावत नाही. चाकं फिरतात, साखळी फिरते, गावं मागे पडतात आणि माणूस तासन्‌तास एकाच आकारात बसून राहतो. शंभर किलोमीटर झाले तरी कमरेचे मणके निघताना होते तसेच वाकलेले. लांबच्या प्रवासात पाठ दुखते ती अंतराने कमी, या न हलण्याने जास्त.

दोन मणक्यांच्या मधल्या गादीला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. तिचं अन्नपाणी शेजारच्या हाडांतून झिरपत येतं, आणि ते आत-बाहेर खेळायला दाब कमी-जास्त व्हावा लागतो. चालताना तो आपोआप होतो. बसून राहिलं की दाब एका जागी थांबतो आणि गादीची उपासमार सुरू होते.

स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून हा दाब मोजला. उभं असण्यापेक्षा टेकू न घेता बसल्यावर तो जास्त भरला, बसून पुढे झुकल्यावर आणखी जास्त. पुढच्या काळातल्या मोजण्यांत बसणं आणि उभं राहणं यांतला फरक तेवढा ठाम राहिला नाही. पुढे झुकण्याचा भार मात्र प्रत्येक वेळी दिसला. मोटारसायकलवर पाठीला टेकू नसतो, आणि वारा अंगावर आला की माणूस झुकतोच.

झुकावं लागलं तर कमरेतून झुकू नये, खुब्यातून झुकावं. कमरेचा बाक टिकतो तोवर पाठ सोसते.

*

लांब जायचं तर पहाटे निघायचं, हा आपल्याकडचा रिवाज. रस्ता मोकळा असतो, ऊन नसतं. पण पहाटेची कमर दुपारच्या कमरेपेक्षा नाजूक असते. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांतल्या गाद्या पाणी शोषून फुगतात; सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो तो यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. उठल्यापासून पहिल्या तासात हे पाणी बरंचसं उतरतं.

तेव्हा चारला निघायचं असेल तर तीनला उठावं. सामान आदल्या रात्री बांधून ठेवावं, अंथरुणातून उठून थेट जड बॅग उचलायला वाकू नये. थोडं घरात, थोडं अंगणात चालावं. पहाटेचा तो तास वाया गेलेला वाटतो. दुपारी पाठ त्याचा हिशेब देते.

*

पाठ दुखली की लोक इंजिनाला दोष देतात. एका सिलिंडरची गाडी, थरथरते फार. थरथर खरी आहे, पण मिनिटाला चार हजार फेरे घेणारं इंजिन सेकंदाला साठाहून जास्त वेळा थरथरतं, आणि एवढी बारीक थरथर मुख्यतः हातांना आणि तळव्यांना मुंग्या आणते. बसलेल्या माणसाचं धड सर्वात जास्त हलतं ते सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकावे बसल्यावर. तिथे शरीर स्वतःच्या लयीने डोलू लागतं आणि खालून आलेला धक्का वर जाताना वाढतो. असे संथ हेलकावे रस्ता देतो. डांबराची ठिगळं, उखडलेली खडी, कडेला खचलेला पट्टा हे सगळं कमरेत येतं.

रस्ता आपल्या हातात नसतो, शॉकअप असतात. साध्या स्प्लेंडरच्याही मागच्या शॉकअपला पाच खाचा दिलेल्या आहेत. एकट्याने जाताना एक, मागे माणूस आणि सामान असताना दुसरी. शोरूममधून आली त्याच खाचेवर गाडी भंगारात जाते, इतकं या सोयीकडे आपलं दुर्लक्ष आहे. डबलसीट असताना शॉकअप मऊ ठेवले तर ते तळाला टेकतात, आणि पुढचा प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाला लागतो. एकट्याला ते फार कडक ठेवले तरी तेच. टायरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त हवा भरणं हाही पाठीवर केलेला अन्याय. खाच बदलायला एक हूकपाना आणि पाच मिनिटं पुरतात. मेकॅनिकला सांगून हे एकदा शिकून घ्यावं.

सर्वात चांगले शॉकअप माणसाबरोबर जन्माला येतात. गुडघे आणि मांड्या. खड्डा दिसला की टाकी गुडघ्यांत धरून फूटरेस्टवर जरा उठावं. अख्खं उभं राहायचं नाही, सीटपासून चार बोटं सुटलं तरी धक्का पायांत जिरतो. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे सावकाश चढून सावकाश उतरणारा हवा. गावोगाव रस्त्यात आडवे पडलेले उंचवटे पाहिले की कळतं, ते घालणाऱ्याच्या मनात चारचाकीचा वेग होता, दुचाकीवरची कंबर नव्हती.

पाय पुढे पसरून बसायची क्रूझर दुकानात आरामशीर वाटते. तिच्यावर खड्ड्यात उठता येत नाही, कारण उठायला पाय अंगाखाली लागतात. सगळा भार बैठकीवर राहतो. शर्यतीच्या धाटणीची गाडी तोच भार मनगटांवर आणि मानेवर टाकते. पाय खुब्यांच्या खाली, हात कोपरात सैल आणि धड किंचित पुढे, एवढं जिच्यावर जमतं ती लांबच्या प्रवासाची गाडी. तिचं नाव मोठं नसलं तरी चालेल. हँडल लांब पडत असेल तर ते अंगाकडे घेता येतं. हात ताठ असले की हँडलचा प्रत्येक धक्का खांद्यांच्या मधोमध पोचतो.

*

मऊ सीट फसवते. पहिला तास सुखाचा जातो, मग फोम बसतो, माणूस त्यात रुततो आणि खुबे मागे कलतात. कमरेचा बाक तिथेच मोडतो. सीट घट्ट असावी आणि मागच्या बाजूला रुंद असावी, म्हणजे बैठकीची दोन हाडं सपाट टेकतील. चांगला सीटवाला गिऱ्हाइकाला आधी गाडीवर बसवून बघतो, मग फोमला सुरी लावतो. असा कारागीर गावात असेल तर नव्या गाडीचा पहिला खर्च त्याच्याकडे करावा.

मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवावं. एका बाजूला बोटभर उंचवटा आला की कंबर तिरकी होते, आणि तिरक्या कमरेने पाच तास बसणं म्हणजे पायात जाणाऱ्या शिरेवर पाच तास दाब. पाठीवरची सॅकही उतरवावी. तिचं ओझं खांद्यांवर वाटतं, पण पोचतं शेवटच्या मणक्यापर्यंत, आणि प्रत्येक धक्क्यात ते पुन्हा आदळतं. ओझं गाडीला बांधावं.

*

पाठदुखीची चर्चा कायम चालवणाऱ्याची होते. मागे बसलेलीला कोणी विचारत नाही.

साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईचे खुबे रस्त्याच्या आडवे असतात, नजर आणि खांदे पुढे. म्हणजे सगळा प्रवास मणक्याला पीळ देऊन. पुढच्याला खड्डा दिसतो. तिला तो बसल्यावर कळतो. पुढच्याला टाकी धरायला मिळते. तिला एका हाताने सीटमागची कडी आणि दुसऱ्या हाताने कधी मूल, कधी पिशवी धरायची असते. दोन पाय टेकायला नीट जागा नसते, म्हणून उठून धक्का झेलायची सोयच नाही. मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी पकडायची मूठ, फूटरेस्ट आणि चाकावर आच्छादन सक्तीचं आहे. गाडी छान दिसावी म्हणून पुरुष यातलं आच्छादन पहिल्या आठवड्यात काढून टाकतात. गाडी कुणासाठी छान दिसायची आणि कुणाच्या जिवावर, हे तेव्हा मनात येत नाही.

लांब जायचं तर तिने दोन्हीकडे पाय टाकून बसावं, सलवार घालावी, आणि घरातल्या मोठ्यांनी त्याबद्दल एक शब्द बोलू नये. खड्डा आला की चालवणाऱ्याने ओरडून सांगावं. आणि थांबायचं कधी हे तिने ठरवावं. ज्याला रस्ता दिसत नाही त्याची पाठ आधी थकते.

*

"मुंबईहून निघालो ते थेट सावंतवाडी." गणपतीच्या आदल्या रात्री पाचशेच्या आसपास किलोमीटर कापून घरी पोचलेला चाकरमानी हे अभिमानाने सांगतो. त्याची ओढ खरी आहे आणि रजा मोजकी. तरी न थांबणं ही ताकदीची खूण मानणं चुकीचं आहे. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटर चालवण्याचं आव्हान अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन देते. तिथे टिकणारे स्वार थांबे आखून निघतात. थकलेल्याचा वेग आधी उतरतो, मग त्याचं लक्ष.

तासाभराने थांबावं, दुखायला लागायच्या आत. दुखल्यावर थांबणारा उशिरा थांबलेला असतो.

आणि थांबल्यावर टपरीच्या बाकावर बसू नये. बसूनच तर आलो. चहा उभ्याने घ्यावा, पाय मोकळे करावे, हात कमरेवर ठेवून दोन-चार वेळा सावकाश मागे वाकावं. एक पाय मागे टाकून खुब्याचा पुढचा भाग ताणावा. मांडी उचलणारा जो स्नायू थेट कमरेच्या मणक्यांना चिकटलेला आहे, तो बसून बसून आखडतो आणि उतरल्यावर कमर सरळ होऊ देत नाही. पाणी प्यावं. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळणारे बरेच असतात, बायका तर हमखास, कारण वाटेत जागाच नसते. तहानलेला माणूस लवकर थकतो.

कमरेचा पट्टा प्रवासापुरता चालतो. रोजचं काम पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचं आहे, आणि ते चालण्यातून, पोहण्यातून, सूर्यनमस्कारांतून घरीच तयार होतात. निघायच्या आधीच्या आठवड्यात ते उभे राहत नाहीत.

*

काही दुखणी या सगळ्याच्या पलीकडची असतात. कळ कमरेतून पायात उतरून पावलापर्यंत जात असेल, तर गाडी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. पाऊल उचलेनासं झालं, बैठकीची जागा बधिर पडली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल. तिथे तेल-मालीश, शेक, पट्टा काही नाही.

*

राज्यातले सर्वात सपाट रस्ते दुचाकीला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती जाऊ शकत नाही, समृद्धी महामार्गावर नाही, अटल सेतूवर नाही. कारण वेगाचं आणि जिवाचं आहे, आणि ते मला पटतं. पण मग दुचाकीच्या वाट्याला आलेले रस्ते तरी नीट हवेत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि दशकाहून जास्त काळ रखडलं. त्या सगळ्या वर्षांचे खड्डे लोकांच्या मणक्यांत जमा आहेत.

वर जे सांगितलं ते हौसेने फिरणाऱ्याला जमेल. त्याला थांबता येतं. तालुक्यातालुक्याला औषधांची बॅग घेऊन फिरणारा एम.आर., दोन्हीकडे दुधाचे कॅन अडकवून पहाटे निघणारा दूधवाला, पाठीवर चौकोनी पेटी घेऊन मिनिटांशी शर्यत लावणारा जेवण पोचवणारा पोरगा, यांना तासाभराने थांबा असं कोणी सांगावं? पेटीवाला थांबला तर त्याचे पैसे कापले जातात. त्याच्या पाठीवरची पेटी गाडीच्या कॅरियरवर बसवून द्यायला कंपनीला फार खर्च येणार नाही. दोन फेऱ्यांच्या मधे दहा मिनिटं त्याची स्वतःची मानायला पैशांपेक्षा इच्छा जास्त लागेल. महामार्गाच्या कडेला पेट्रोलपंप सोडून सावली, पाणी आणि संडास असलेली जागा दुचाकीवाल्यांसाठी ठरावीक अंतरावर बांधता येईल. टोल त्यांच्याकडून घेतला जात नाही. म्हणून तिथे त्यांची मोजणीही होत नाही आणि सोय करताना ते आठवतही नाहीत. पाठीची तक्रार घेऊन डॉक्टरांच्या दारात पोचतात तेव्हा मात्र ते चाळिशीच्याही आतले असतात, आणि डॉक्टर सांगतात, सहा आठवडे गाडी चालवू नका. सहा आठवडे घर कोण चालवणार, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.