ज्यांचे वारस उरले नाहीत

ज्याच्यामागे वारस उरला नाही, त्याचे ऋण कोणी फेडावयाचे? व्यवहारात हा प्रश्न चटकन निकालात निघतो. नीतिविचारात तो तसा सुटत नाही. रत्नागिरीच्या माणसाला तर तो टाळताही येणार नाही, कारण तो त्याच्या पायाखालीच कोरलेला आहे.

उक्षी, जांभरूण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू येथील जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी पशू, मासे आणि मनुष्याकृती कोरल्या. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. काही सड्यांवर आज कोकणात कोठेही न आढळणारा गेंडाही दिसतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पालथे घालून ही कातळशिल्पे उजेडात आणली आणि २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. परंतु कोरणाऱ्यांचे नाव अथवा भाषा सांगणारे एक अक्षरही तेथे नाही.

अक्षर मागे राहिले तर काय घडते, हे जाणण्यासाठी नैर्ऋत्य इराणमधील प्राचीन एलामकडे पाहावे. सूसा, म्हणजे बायबलमधील शूशन, हे त्यांचे प्रमुख नगर. त्यांची भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुळात निर्विवादपणे बसत नाही. द्राविडी भाषांशी जोडलेले तिचे नाते सर्वमान्य झालेले नाही. इ. स. पूर्व ६४७ च्या सुमारास अश्शूरचा राजा अशुरबनिपाल याने सूसा उद्ध्वस्त केले. तेथील राजांच्या कबरी फोडून अस्थी आपण स्वदेशी नेल्या व त्या आत्म्यांना विसावा लाभू दिला नाही, असे त्याने अभिमानाने लिहवून ठेवले आहे. जिवंतांच्या संहाराने त्याचे समाधान झाले नव्हते.

तरीही ती भाषा उरली. पुढे इराणी सम्राट पहिला दारयावेश याच्या काळी पर्सेपोलिसचे हिशेब एलामी भाषेत लिहिले जात. १९३३ साली सापडलेल्या तेथील मातीच्या पाट्यांत मजुरांच्या शिध्याच्या नोंदी आहेत. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. मात्र मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती माता आणि तिच्या वाट्याला आलेला अन्याय, दोन्ही आपल्यापर्यंत पोहोचले ते एका मृत भाषेमुळे. मृतांची साक्ष ऐकून घेणे, हे त्यांचे आपल्याकडील पहिले देणे होय.

यावर कोणी म्हणेल, मेलेल्यांना काय हवे असते? चिऱ्याच्या खाणीत राबणाऱ्याला आजची भाकरी हवी. हा आक्षेप खोटा नाही. भुकेल्याचा हक्क पहिला, हे मान्यच केले पाहिजे. पण खाण थोडी बाजूस घेता येते, रस्ता वळविता येतो. फुटलेले शिल्प पुन्हा कोरावयास तो माणूस येणार नाही. शिवाय जो दावा लावू शकतो, त्याच्याशी आपण सारेच नीट वागतो. न्यायबुद्धीची कसोटी लागते ती ज्याच्या बाजूने बोलावयास कोणीच नाही त्याच्यापाशी. अनाथ मूल, बेवारस प्रेत आणि सड्यावरचा अनाम कारागीर हे या दृष्टीने एकाच पंक्तीतले आहेत.

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या ४९ व्या अध्यायात एलामचे धनुष्य मोडले जाईल असे सांगितले, पण अखेरीस त्या लोकांचे भाग्य पालटण्याचे अभिवचनही नोंदविले. सूसा उद्ध्वस्त होऊन साडेसहाशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, पेंटेकॉस्टच्या दिवशी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकणाऱ्यांत एलामीही होते. संत लूकने ते नाव गाळले नाही.

सड्यावरच्या त्या माणसांचे नाव कोणत्याच यादीत नाही. म्हणून त्यांची राखण अधिकच आपल्याकडे येते. आपल्या गावच्या सड्यावर खाणीची किंवा रस्त्याची रेघ आखली जाईल, तेव्हा ग्रामसभेत उभे राहून त्यांच्या वतीने चार शब्द बोलणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.