पेशीविभाजन आणि दोषाचा प्रश्न

एखाद्या गोष्टीचा दोष माणसास लावावयाचा, तर ती करणे अथवा न करणे त्याच्या हाती असले पाहिजे, हे नीतिविचाराचे अगदी पहिले सूत्र होय. पावसाने ओढ दिली म्हणून शेतकऱ्यास कोणी दंड करीत नाही. परंतु शेताच्या बांधावर पाळलेले हे सूत्र घराच्या उंबऱ्यापाशी विसरले जाते. लागोपाठ दोन-तीन मुली झाल्या, म्हणजे सुनेकडे वडील मंडळी ज्या नजरेने पाहतात, तीत दया थोडी आणि आरोप अधिक असतो. सुशिक्षित कुटुंबांत हा आरोप ओठांवरून गेला असला, तरी मनातून गेला आहे असे आम्हांस वाटत नाही. तो कितपत न्याय्य आहे, ह्याची साक्ष आम्ही आज सजीवाच्या पेशीपाशी मागणार आहोत.

पेशी दोन रीतींनी विभागते. पहिली रीत सूत्री विभाजनाची. वाल्थर फ्लेमिंग ह्या जर्मन पंडिताने सॅलमँडर नामक प्राण्याच्या पिलांतील पेशी रंगवून ती बारकाईने पाहिली आणि १८८२ साली तिला नाव दिले. विभाजनापूर्वीच पेशीतील प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार झालेली असते. पूर्वावस्थेत ही लांब सूत्रे आखडून जाड होतात व केंद्रकाचे आवरण विरते. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यावर एका ओळीत उभी राहतात. पश्चावस्थेत मूळ व प्रत परस्परांपासून सुटून विरुद्ध टोकांकडे ओढली जातात. आणि अंत्यावस्थेत दोन्ही टोकांस नवी केंद्रके बनून एका पेशीच्या दोन होतात. दोघींचा वारसा तोच. जखम भरते, नख वाढते, ते ह्याच रीतीने. धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदार खुंटावर हव्या त्या वेलीची काडी कलम करतो व निश्चिंत असतो. कारण काडीतून फुटणारा वेल सूत्री विभाजनानेच वाढतो आणि त्यास मूळ वेलीसारखेच घड धरतात. क्वचित कोठे फरक पडतो, पण तो अपवाद.

संततीची रीत मात्र निराळी आहे. तिला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. ह्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी घ्या. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, तरी ह्या काळ्या, काटक शेळीस लोक पूर्वीच्याच नावाने ओळखतात. तिच्या शरीरातील पेशीत ६० गुणसूत्रे असतात, ३० मातेकडून व ३० पित्याकडून आलेली. बीजपेशी बनताना पूर्वावस्थेत प्रत्येक गुणसूत्र आपल्या जोडीदारास बिलगते आणि दोघे आपले काही तुकडे परस्परांत बदलतात. मध्यावस्थेत ह्या जोड्या पेशीच्या मध्यावर उभ्या राहतात. पश्चावस्थेत जोडीदार फुटून एक एका टोकास व दुसरा दुसऱ्या टोकास जातो. त्यानंतर सूत्री विभाजनासारखेच दुसरे विभाजन होते. बीजपेशीत अखेर ३० गुणसूत्रे उरतात. कोणत्या जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या टोकास जाईल, हे कोणी ठरवीत नाही. म्हणूनच ही शेळी जुळ्यांबद्दल प्रसिद्ध असली, तरी एकाच वेळी जन्मलेली तिची दोन करडे एकसारखी नसतात.

मनुष्याची गुणसूत्रे ४६, म्हणजे २३ जोड्या. तुकड्यांची अदलाबदल हिशेबात न धरता केवळ जोड्यांच्या फुटीचा विचार केला, तरी एका मनुष्याच्या बीजपेशी ८३,८८,६०८ प्रकारच्या होऊ शकतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्याशी ही संख्या जुळावी हा केवळ योगायोग. पण माता आणि पिता ह्या दोहोंकडून असा फेरा चुकवूनच प्रत्येक मूल आलेले असते, हे मात्र खरे. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. स्त्रीच्या बीजपेशींचे हे विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच आरंभते, पूर्वावस्थेत थांबते व अनेक वर्षांनी पुढे सरकते. म्हणजे ज्या बीजापासून आपण झालो, त्याची पहिली हालचाल आपल्या आजीच्या उदरात झाली होती. त्या गर्भातल्या बालिकेने कोणती निवड केली असेल?

आता मूळ आरोपाकडे वळू. नेटी स्टीव्हन्स ह्या अमेरिकन विदुषीने १९०५ साली एका किड्याच्या पेशी तपासून दाखविले की, नराच्या बीजपेशी दोन प्रकारच्या असतात व जन्मणारा जीव नर की मादी हे त्या भेदावर ठरते. मनुष्याची गोष्ट तशीच आहे. मातेच्या प्रत्येक बीजात एक्स हेच लिंगगुणसूत्र असते. पित्याच्या सुमारे अर्ध्या बीजांत एक्स व अर्ध्यांत वाय असते. मातेच्या ठायी मुलगा देणारे असे निराळे बीज नसतेच. मग ते दिले नाही म्हणून तिला बोल लावणे हे रिकाम्या तिजोरीवर चोरीचा आळ घेण्यासारखे आहे.

येथे पुष्कळ सुधारक मंडळी घाईने म्हणतात, तर मग दोष पित्याचा! हा निवाडा आम्हांस मान्य नाही. पित्याच्या पेशीत एक्स व वाय मध्यावर समोरासमोर उभे राहतात आणि फुटतात, ते त्यास विचारून नव्हे. शिवाय दोष सुनेकडून मुलाकडे सरकविला, तरी ‘मुलगी होणे हा दोष आहे’ हे गृहीत शाबूत राहते. आरोपी बदलतो, आरोप कायम राहतो. खरा न्याय हा की, येथे गुन्हाच घडलेला नाही. ह्याच कारणाने मुलगा झाल्याचे श्रेयही कोणाकडे जात नाही. पेढे आनंदाचे वाटावेत, पराक्रमाचे नव्हेत.

कोणी विचारील, सर्वच यदृच्छेने होत असेल, तर जबाबदारीस जागा कोठे? तिला जागा आहे, आणि ती अचूक सांगता येते. निसर्गाचा कौल जाणून घेऊन तो फिरविण्यास मनुष्य हात घालतो, तेथे ती सुरू होते. गर्भलिंगचिकित्सेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम, १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. बीजपेशींनी आपली रीत ह्या दहा वर्षांत बदलली नव्हती. ही तूट मनुष्याच्या निवडीची आहे, आणि तिचा दोष लावण्यास कोणतीच अडचण नाही.

विसंगती अशी की, ज्या अंगणात शेळीस मादी करडू झाले की ते वाढविण्यासाठी राखतात व बोकड बाजारात नेतात, त्याच अंगणात कन्या जन्मली की स्वर खाली जातात. करडाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरते, म्हणून तेथे मादी वरचढ. मुलांचेही मोल उपयोगावरच ठरविले, म्हणून येथे पुत्र वरचढ. म्हातारपणाची काठी, वंशाचा दिवा, ही नावे हिशेबाचीच आहेत. त्यांतील वंशाचा हिशेब तर पेशीच खोटा पाडते. पुत्र असो वा कन्या, पित्याचे अर्धेच तिला अथवा त्यास मिळते. नातवंडात आजोबांचा वाटा सरासरी चौथा, पतवंडात आठवा. अखंड पुढे जाणारे पित्याचे असे काही असेल, तर ते बहुतांशी वाय नावाचे एक लहानसे गुणसूत्र. तेवढ्यासाठी एका पिढीच्या लेकी गमवाव्यात काय, ह्याचा विचार आमच्या वाचकांनी करावा; आणि घरात पुढचे मूल जन्मेल, तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत जाताना तो विसरू नये.