पांढऱ्या घागऱ्याविषयी

अकोला

चि. नातीस,


कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही मैत्रिणी 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकातला नाच बसवताय, पांढरे झिरझिरीत घागरे शिवायला टाकताय आणि स्टेजभर पणत्या मांडणार आहात, असं तुझी आई फोनवर म्हणाली. नाचातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझा जन्म जिनिंगच्या धंद्यात गेला, त्यामुळे मला कळतो तो कापूस. पण तुम्ही निवडलेल्या या नाचाची अर्धी गोष्ट कापसाचीच आहे, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितो आहे.

तुमच्या घागऱ्याची गोष्ट 'जिझेल'च्या आधी सुरू होते. १२ मार्च १८३२ला पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' हे परीचं बॅले पहिल्यांदा झालं. फिलिप्पो ताल्योनी यांनी ते आपल्या मुलीसाठी, मारीसाठी बसवलं होतं. पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहणं तिच्या आधीही नर्तकींना येत होतं, पण ती कसरत वाटे. मारीनं त्यातले कष्ट दिसू दिले नाहीत. आजच्यासारखे टोकाला कडक असलेले बूट तेव्हा नव्हते. साध्या साटीनच्या जोड्याचं टोक दोऱ्यानं रफू करून घ्यायचं आणि बाकी भार बोटांनी आणि घोट्यांनी पेलायचा. पोशाख युजेन लामी या चित्रकाराच्या नावावर आहे. पोटरीपर्यंतचा घेरदार पांढरा घागरा, अंगाबरोबर बसणारी चोळी, उघडे खांदे, पाठीवर इवलेसे पंख, मधोमध भांग पाडून कानांवरून चापून बसवलेले केस. परी म्हटलं की जगभर आजही हेच रूप डोळ्यांपुढे येतं. नऊ वर्षांनी, २८ जून १८४१ला 'जिझेल' आलं आणि त्यातल्या, लग्नाआधीच फसवणूक होऊन मेलेल्या मुलींच्या आत्म्यांनाही हाच पांढरा रंग मिळाला.

हे रूप उठून दिसलं ते दोन गोष्टींमुळे. एक, दिवे. पॅरिसच्या ऑपेरात १८२२मध्ये गॅसचे दिवे आले होते आणि त्यांची ज्योत कमीजास्त करून चांदण्याचा भास आणता येई. दुसरी गोष्ट कापड. मलमल, ट्यूल आणि टार्लटन. टार्लटन म्हणजे विरळ विणीचं, भरपूर खळ दिलेलं सुती कापड. त्याचे थरावर थर चढवायचे. खळीमुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये हवा राहते, आणि बाई तरंगते आहे असं वाटतं.

त्या घागऱ्यांत आपला कापूस होता का? पोरी, मला होता म्हणायला फार आवडलं असतं. १८३०च्या सुमारास वऱ्हाडातला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवरून शेकडो मैल दूर मिर्झापूरला जायचा. पुढे अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्या आपल्या मालाकडे वळल्या. १८६७ला अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे झाली. लिव्हरपूलच्या बाजारात तर वऱ्हाडच्या मालाला तुमच्या अमरावतीवरूनच 'ऊमरा' म्हणत. पण आपल्या जुन्या पऱ्हाटीचा धागा आखूड. त्यातून जाडंभरडं, टिकाऊ सूत निघतं, परीच्या घागऱ्याचं निघत नाही. बारीक सुताला लांब धागा लागतो. तसा कापूस अमेरिकेच्या किनाऱ्यावर पिकत होता आणि तो गुलामांच्या हातांनी वेचला जात होता. जगाला हवेसारखं हलकं वाटलेलं ते कापड इतक्या जड हातांतून आलं होतं, हे नाचताना तुला ठाऊक असावं.

आता पणत्यांचं. जिनात कापसाबरोबर एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडते. दाबलेली गाठ आतल्या आत दिवसेंदिवस धुमसते, पण मोकळी रुई पाहता पाहता जाते, कारण तिच्या तंतू-तंतूत हवा असते. थरांच्या घागऱ्यातही तीच हवा असते. ज्यामुळे तो तरंगतो त्यामुळेच तो पेटतो. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात डिसेंबर १८४४मध्ये क्लारा वेबस्टर या नर्तकीचा पोशाख प्रयोग चालू असतानाच दिव्याला लागला आणि ती त्यात गेली.

एमा लिव्री या तरुण नर्तकीचं तर माझ्या मनातून जात नाही. मारी ताल्योनी उतारवयात पॅरिसला परतली, तेव्हा या पोरीत तिला आपली वारस दिसली. १८६०मध्ये तिनं एमासाठी 'ल पापियों' बसवलं, ऑफेनबाखच्या संगीतावर. त्यात एक फुलपाखरू मशालीकडे ओढलं जातं आणि त्याचे पंख जळतात. कापड अग्निरोधक द्रावणात बुडवण्याचा हुकूम १८५९मध्येच निघाला होता. पण त्यानं कापड ताठर आणि मळकट दिसे, म्हणून एमानं तसा घागरा घालायचं नाकारलं. १५ नोव्हेंबर १८६२ला तालमीत तिचा घागरा गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ला ती गेली. वय अवघं वीस. त्या पोशाखाचे उरलेले तुकडे पॅरिसला ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

मी एमाला दोष देत नाही. त्या वयात तूही मळका घागरा नाकारला असतास. उघड्या ज्योती घागऱ्यांच्या वाटेत ठेवणाऱ्यांचा तो दोष होता, आणि हुकूम काढून तो न पाळणाऱ्यांचा.

तुमच्या गॅदरिंगमध्ये स्टेज कुणी सजवायचं ते तुम्हीच ठरवणार आहात, म्हणून तुला सांगतो. नायलॉनची जाळी घेऊ नका, ती वितळून कातडीला चिकटते. सुती मलमल घ्या, पण तीही पेटतेच हे विसरू नका. स्टेजवर एकही पणती नको, बॅटरीचे दिवे लावा. मैत्रिणींशी बोल आणि ठरलं की मला फोन कर. मलमल मी इथून घेऊन येतो, आणि तुमचा नाच पहिल्या रांगेत बसून बघतो.

तुझा,
आजोबा