कलम आणि खुंट

ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘जुना करार’ म्हणते, तो ग्रंथ यहुद्यांच्या घरी जुना नाही. दर शब्बाथला सभास्थानात त्याचा पाठ होतो. त्यांच्यासाठी तो ‘तनाख’. प्रॉटेस्टंट बायबलच्या जुन्या करारातली 39 पुस्तके आणि तनाखमधली 24 यांत ग्रंथ तेच, मोजणी आणि मांडणी तेवढी वेगळी. पण मांडणीनेही अर्थ बदलतो. तनाखच्या शेवटी पारसचा राजा कोरेश देशोधडीला लागलेल्या यहुद्यांना यरुशलेमला परतण्याची मोकळीक देतो. ख्रिस्ती क्रमात शेवटी मलाखी येतो, एलीया येणार असे सांगतो, आणि पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते. एकीकडे घरी परतण्याची वाट, दुसरीकडे कोणाच्या तरी येण्याची. एकाच ग्रंथाला दोन वारस असल्याने ख्रिस्ती माणसाला यहुदी धर्माकडे ‘दुसऱ्यांचा धर्म’ म्हणून पाहून मोकळे होता येत नाही. येशू, मरिया, बारा प्रेषित आणि पौल हे सगळे यहुदीच होते.

या नात्याचा पहिला सविस्तर विचार पौलाने केला. साधारण 57 साली लिहिलेल्या रोमकरांस पत्रात, नवव्या ते अकराव्या अध्यायांत, तो एका अवघड प्रश्नाला भिडतो: बहुतेक यहुद्यांनी येशूला मशीहा मानले नाही, तर देवाने आपल्या लोकांना टाकले काय? पौलाचे उत्तर ठाम नकाराचे आहे. त्यासाठी तो जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानजैतुनाच्या फांद्यांचे, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांचे, कलम झाले. कोकणातल्या बागायतदाराला हे ऐकून हसू येईल. तो रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधतो, कारण फळ काडीच्या जातीचे येते. पौलाचे झाड मळ्यातले आणि काडी रानातली. पौलाला शेतीतले कळत नव्हते, असा शेरा काही भाष्यकारांनी मारला आहे. पण हे कलम निसर्गाच्या उलट आहे, असे तो स्वतःच म्हणतो. दाखल्याचा रोख तिथेच आहे. मुळाला फांदी पोसत नाही, फांदीला मूळ पोसते. तेव्हा उपऱ्या फांदीने तोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये. शिवाय त्या फांद्या पुन्हा जोडल्या जाऊ शकतात, कारण देव दिलेले दान आणि केलेले पाचारण मागे घेत नाही.

पुढची अनेक शतके मंडळीने हे अध्याय वाचले आणि उलटे शिकवले. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. ते देवाने यहुद्यांना नाकारल्याचे चिन्ह मानले गेले. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करार फेकूनच द्यायला सांगितले तेव्हा मंडळीने त्याला पाखंडी ठरवले, पण ग्रंथ ठेवताना त्याच्या पहिल्या वारसांना मात्र बाद केले. त्याच शतकात सार्दीसच्या मेलितोने यहुद्यांवर देवहत्येचा आरोप ठेवला. 386-387 मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोमने त्यांच्याविरुद्ध जहरी प्रवचने दिली. त्यांचे निमित्त बोलके आहे: त्याच्याच मंडळीतले लोक यहुद्यांच्या सणांना सभास्थानात जात होते. सामान्य माणसांना एकमेकांची ॲलर्जी नव्हती, ती व्यासपीठावरून लावावी लागली. ऑगस्टीनने यहुद्यांना मारू नये असे सांगितले, पण त्याचे कारण असे की विखुरलेल्या अवस्थेत ते ख्रिस्ती सत्याचे साक्षीदार राहतात. या युक्तिवादाने जीव वाचले हे खरे. मात्र यहुदी माणूस दुसऱ्याच्या कथेतला पुरावा होऊन बसला.

1215 च्या लॅटरन परिषदेने यहुद्यांना वेगळा पोशाख सक्तीचा केला, 1290 मध्ये इंग्लंडने आणि 1492 मध्ये स्पेनने त्यांना हाकलले. मार्टिन ल्यूथरने 1523 मध्ये त्यांच्याशी प्रेमाने वागायला सांगितले आणि 1543 मध्ये त्यांची सभास्थाने जाळायला. मधल्या काळात त्यांनी धर्म बदलला नव्हता, एवढेच घडले होते.

धर्म बदलूनही सुटका होईच असे नाही, हे गोव्यात दिसते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यहुदी वंशातल्या ‘नव्या ख्रिस्ती’ घराण्यातला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले होते. गार्सिया 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. बाप्तिस्मा झालेल्या मेलेल्या माणसाचा वंश शोधणाऱ्या या कारवाईत पौलाच्या झाडाचा मागमूसही उरला नव्हता.

नाझींचा द्वेष वांशिक होता, पण त्याला तयार जमीन मिळाली ती चर्चच्या या जुन्या शिकवणुकीमुळे. फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक याने ती तपासली. त्याची पत्नी आणि मुलगी आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या होत्या. 13 जून 1960 रोजी तो पोप तेविसावे जॉन यांना भेटला आणि चर्चच्या शिकवणुकीतला तिरस्कार काढून टाकण्याची विनंती त्याने केली. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतले यहुद्यांना अविश्वासू ठरवणारे विशेषण पोपनी आदल्याच वर्षी काढले होते. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा 2221 विरुद्ध 88 मतांनी संमत केला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे त्यात नमूद आहे, आणि आधार रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचाच आहे. 1994 मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चने ल्यूथरचे यहुदीविरोधी लेखन जाहीरपणे नाकारले. तरीही उत्तम शुक्रवारी योहानाचे शुभवर्तमान वाचले जाते आणि त्यात येशूचे विरोधक वारंवार नुसते ‘यहुदी’ म्हणून येतात. हे भांडण घरातल्या घरातले होते, हे उपदेशकाने सांगितले नाही तर श्रोत्याच्या मनात जुनाच अर्थ उतरतो.

दोन वाद मिटलेले नाहीत. पहिला धर्मांतराचा. यहुद्यांमध्ये खास सुवार्ताकार्य करावे, असा ठराव अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी 1996 मध्ये केला. व्हॅटिकनच्या 2015 च्या दस्तऐवजानुसार कॅथलिक चर्च असे संस्थात्मक कार्य करत नाही. मुंबई-कोकणात यहुद्यांमधल्या सुवार्ताकार्याचा प्रयोग आधीच झाला होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे इथले यहुदी, बेने इस्राएल, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांत आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांना हिब्रू शिकवले, बायबलचे मराठी भाषांतर हाती आले. ख्रिस्ती झालेले थोडेच. बाकीचे आपलेच शास्त्र वाचून अधिक जाणते यहुदी झाले.

दुसरा वाद भूमीचा. इस्राएल राष्ट्राची स्थापना ही भविष्यवाणीची पूर्तता, असे अनेक इव्हँजेलिकल मानतात. त्यांच्या कथेच्या अखेरीस यहुदी ख्रिस्ती तरी होतो किंवा नाश तरी पावतो. ऑगस्टीनचा साक्षीदार इथे प्यादे होतो. उलट पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी 2009 च्या ‘कैरोस’ निवेदनात, ताब्यातल्या भूमीवरचा अन्याय बायबलच्या आधाराने योग्य ठरवणारे धर्मशास्त्र नाकारले. या निवेदनात देवाची वचने सगळ्या मानवजातीकडे वळवली आहेत, त्यामुळे यहुद्यांशी झालेला करार पुन्हा रद्द ठरतो, अशी टीका त्यावर झाली. व्हॅटिकनने डिसेंबर 1993 मध्ये इस्राएलशी करार केला तो राज्य म्हणून, आणि भूमीच्या वचनाचा धार्मिक अर्थ त्यात लावला नाही. यहुद्यांशी देवाचा करार कायम आहे असे मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला त्यामुळे एखाद्या सरकारच्या प्रत्येक कृतीवर सही करावी लागत नाही, आणि त्या सरकारवर टीका करणाऱ्याला देवहत्येचा जुना आरोप उसना घ्यावा लागत नाही.