वारसा कोणी चालवायचा?



मागच्या महिन्यात आपल्या एका फॅमिली ग्रुपवर मिरजेच्या तानपुऱ्यांचा छोटासा व्हिडिओ फिरत होता. भोपळा कापताना, खरवडताना, त्यावर पानं बसवताना दाखवलं होतं. खाली कोणीतरी लिहिलं, "यांची मुलं आता नोकरी शोधतात म्हणे. वाडवडिलांची विद्या अशी सोडायची का? फार वाईट वाटतं." त्यावर भराभर हात जोडलेले आले. आम्ही बेळगाव केंद्रातल्या पाच-सहा जणी गुरुवारी प्रसादाच्या पुड्या बांधता बांधता यावर बोलायला बसलो आणि बोलणं तीन गुरुवार पुरलं. वाईट वाटतं हे खरं, पण वाईट वाटून दोष कोणाच्या माथ्यावर टाकायचा? त्या मुलांच्या? तिथेच आमचं अडलं.

आधी हे काम काय आहे ते पाहू. बऱ्याच जणांना वाटतं भोपळा बाजारातून आणायचा आणि पोखरायचा. तसं नाही. हा भाजीचा भोपळाच नव्हे. हा कडू, जाड सालीचा, आणि तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या शेतात खास या कामासाठी लावतात. (ज्या मातीतून वारी जाते तिथलाच हा भोपळा, हे कळल्यावर आमच्यातल्या दोघींनी लगेच कानाला हात लावले.) फळ वेलावर चांगलं जून होऊ द्यावं लागतं. ते एका कुशीवर पडून राहिलं तर आकार बिघडतो, म्हणून बुडावर सरळ बसवून ठेवतात. वाळून कडक होईपर्यंत शेत अडकलेलं. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर मेहनत पाण्यात. शेजारच्या वावरात ऊस असतो, त्याला कारखाना आहे. भोपळ्याला गिऱ्हाईक म्हणजे मिरजेचे आणि थोडे बाहेरचे वाद्य करणारे, एवढेच.

मिरजेत आल्यावर भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, तोंड कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात. मग आतून बांबूच्या कामट्यांचा टेकू देऊन पुन्हा वाळवतात. त्यानंतर लाकडाचा गळा, दांडी, वरची तबली, खुंट्या, कोरीव पानं, लाखेचं पॉलिश. आपण सत्संगात नेहमी म्हणतो ना, भोपळ्यासारखं आतून रिकामं व्हावं? ते बरोबरच आहे. पण मिरजेत नुसता रिकामा केलेला भोपळा तसाच ठेवला तर वाळता वाळता वाकडा होतो, म्हणून त्याला टेकू लागतो. आम्हाला हे फार पटलं, म्हणून सांगून टाकलं.

एवढं सगळं झालं तरी वाद्य बोलत नाही. राहते ती जवारी. तानपुऱ्याच्या तबलीवर जी घोडी असते, तिचा माथा सपाट दिसतो पण तो अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर लागते-न-लागते अशी टेकली की त्यातून भुंग्यासारखा गुंजारव निघतो आणि एका तारेत अनेक सूर ऐकू यायला लागतात. तारेखाली एक बारीक दोरा सरकवून शेवटची जागा धरतात. घासणी केसभर जास्त झाली तर तार खरखरते, कमी झाली तर मुकी राहते. किती घासायचं याचं माप नाही, पट्टी नाही. कानाने ऐकायचं, कानस एकदा फिरवायची, परत तार लावायची, परत ऐकायचं. ही गोष्ट कोणी वहीत लिहून देऊ शकत नाही, आणि व्हिडिओतही पकडता येत नाही. करणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्याचा हात बघायचा, आपला कान तयार होईपर्यंत बसत राहायचं. वर्षं जातात. म्हणून मिरजेत ही विद्या घराघरात राहिली. बाप काम करतोय, पोरगा शाळेतून येऊन बाजूला बसतोय. कित्येक घरांचं आडनावच सतारमेकर झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलाने हे सोडलं तर तो चुकला का?

आमच्यातल्या एका ताईंचं म्हणणं स्वच्छ होतं. त्या म्हणाल्या, "स्वधर्म म्हणजे हेच की. जे वाट्याला आलं ते निष्ठेने करायचं. गोरोबाकाका मडकी करत करत संत झाले, सावता माळी मळ्यात राहून झाले. त्यांनी कुठे धंदा बदलला?"

यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग मिरजेची गोष्ट नीट आठवली, आणि तिने चित्रच पालटलं. हे सतारमेकर मुळात सतारमेकर नव्हतेच! ते शिकलगार. तलवारी, भाले, हत्यारं घासायची, धार द्यायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजांचं राज्य आल्यावर तलवारींना काम उरलं नाही. 19 व्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला सुरुवात केली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आधार मिळाला आणि घोटीव पोलादावर बसलेला हात भोपळ्यावर बसला. म्हणजे ज्या वारशासाठी आपण आज हळहळतो तो वारसा कोणीतरी बापाचा धंदा सोडला म्हणूनच जन्माला आला. त्या काळी ग्रुप असता तर त्यावरही कोणी लिहिलंच असतं की शिकलगाराची मुलं आता तुंबे पोखरतात, वाडवडिलांची विद्या बुडाली.

म्हणून आम्हाला वाटतं की स्वधर्म आणि बापाचा धंदा या दोन गोष्टी एक नाहीत. बापाच्या धंद्यातून हाताला लागलेली नजर, सचोटी, काम अर्धवट न सोडण्याची सवय, हे मुलाबरोबर जातं. धंदा स्वतः काळाबरोबर येतो आणि जातो. आणि गोरोबाकाकांबद्दल एक साधी गोष्ट आपण विसरतो. त्यांची मडकी गावात कोणीतरी विकत घेत होतं.

इथे आमच्या बोलण्याला वळण मिळालं. शास्त्रात तीन ऋणं सांगितली आहेत, देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. विद्या देणाऱ्याचं ते ऋषिऋण. ऋण कोणावर असतं? ज्याने घेतलं त्याच्यावर. मग तानपुऱ्यातून घेतलं कोणी? करणाऱ्याच्या मुलाने घेतलं, हो. त्या कमाईवर तो वाढला, त्यामुळे तो अगदीच मोकळा नाही. निदान बापाची हत्यारं भंगारात घालू नयेत, शिकायला आलेल्याला दारातून परत लावू नये, एवढं त्याच्याकडे निघतं. पण खरं घेणं कोणी घेतलं? गाणाऱ्यांनी, आणि त्यांच्या मागे बसून ऐकणाऱ्या आपण सर्वांनी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे तिथेच शिकले आणि 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेल्यावर तिथल्याच दर्ग्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली, आणि त्यांच्या नावाने तिथे अजून संगीतसभा होते. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेले आणि देवासला राहिलेले कुमार गंधर्व तर तानपुरे मनासारखे लागल्याशिवाय गायला सुरुवात करत नसत, हे इंदूर-देवासच्या जुन्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. इतक्या मोठ्या लोकांचे सूर ज्या भोपळ्याला टेकून उभे राहिले, त्याचं ऋण फक्त करणाऱ्याच्या पोराने फेडायचं, हा न्याय आम्हाला काही पटेना.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे, ती आमच्या लक्षात उशिरा आली पण तीच सगळ्यात महत्त्वाची. तानपुरा वाजवत राहिलं की तारेने घोडी झिजते, तिच्यावर बारीक चरे पडतात. मग जवारी पुन्हा काढावी लागते. म्हणजे रोज वाजणारा तानपुरा थोड्या थोड्या काळाने कारागिराकडे परत येतो. तो परत आला की शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलाला एक घोडी बघायला मिळते. अशा घोड्यांवर घोड्या हाताखालून गेल्या की कान तयार होतो. शिकवणं शिकवणं म्हणतो ते एवढंच आहे. त्यासाठी वेगळा वर्ग नाही, परत येणारी वाद्यं हाच वर्ग. जो तानपुरा गवसणीत घालून कपाटावर ठेवला, त्याने कोणालाच काही शिकवलं नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या सगळ्यांना आनंद झाला. पण मानांकन नाव राखतं. घोडी झिजवायला माणूस लागतो.

कोणी म्हणेल, मग काय इलेक्ट्रॉनिक तानपुरा फेकून द्यायचा? मुळीच नाही. 1980 नंतर ते खोके घरोघर आले आणि आता तर फोनमध्येच तानपुरा असतो. आपल्या कितीतरी मुली-सुना परदेशात पहाटे त्याच्यावर रियाज करतात. खोल्या लहान, शेजारी वेगळे, विमानात भोपळा फुटायची भीती. हे सगळं समजण्यासारखं आहे. आमचं म्हणणं इतकंच की आपण फोनमधला तानपुरा लावून भजन करायचं आणि मिरजेच्या मुलाला मात्र "विद्या सोडू नको रे" म्हणून हात जोडायचे, यात काहीतरी विसंगत आहे. त्याने आयुष्य द्यायचं आणि आपण हळहळ द्यायची!

अजून एक मुद्दा, ज्यावर आमचं एकमत झालं नाही. बाहेरच्या माणसाला विद्या द्यावी का? अध्यात्मात आपण सहज म्हणतो की दिल्याने विद्या वाढते. पण पोटाच्या विद्येचं गणित जरा वेगळं असतं. त्याच गल्लीत दुसरं दुकान उघडणाऱ्याला जवारी शिकवायची म्हणजे आपल्या ताटातली भाकरी वाटून द्यायची. जवारीचं काम भरपूर असेल तर माणूस वाटतो, नसेल तर आखडतो. तो आखडला म्हणून आपण त्याला कोत्या मनाचा म्हणायचं का? आमच्यातल्या काहींचं मत पडलं की हो, विद्या लपवणं हा दोषच. बाकीच्यांना वाटलं की ज्याने स्वतः कधी एक तानपुरा दुरुस्तीला पाठवला नाही त्याने हे बोलू नये. आम्ही दुसऱ्या बाजूच्या.

आणि मुली? वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुलगाच का येतो, हे आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सदस्येने विचारलं. जवारीला लागतो कान, धीर आणि हलका हात. या तिन्हींत बायका कमी कधीच नव्हत्या. पापडाच्या पिठाला पाणी किती, पाक एकतारी झाला की दोनतारी, हे आपण कुठल्या मापाने ओळखतो? शेजारी बसूनच शिकलो ना आपण आईच्या? ज्या घरात मुलगा पुण्याला नोकरीला गेला त्या घरात एखादी मुलगी किंवा सून कानस धरायला तयार असेल, तर तिला बसायला जागा मिळावी. हे वडीलधाऱ्यांना कितपत रुचेल माहीत नाही, पण लिहायचं ठरवलं होतं, लिहिलं.

ज्या ताईंनी स्वधर्माचा मुद्दा काढला होता त्या अजून आपल्या मतावर ठाम आहेत. त्यांच्या मते रक्तातून आलेला हात बाहेरच्याला येत नाही. असेल. पण जुने तानपुरे गोळा करण्याची कल्पनाही त्यांचीच.

आपल्या केंद्राच्या माळ्यावर दोन तानपुरे आहेत, एक पुरुषी आणि एक बायकांच्या पट्टीचा. दोन्हींच्या घोड्यांवर चरे पडलेले आहेत. दिवाळीनंतर ते रेल्वेने मिरजेला न्यायचं ठरलं आहे. ज्यांच्या घरी आजोबांचा, आत्याचा तानपुरा, सतार किंवा एकतारी पडून असेल त्यांनी आपापल्या गटप्रमुखांना कळवावं, सगळे एकदम नेता येतील. आणताना तारा थोड्या सैल कराव्यात, पण सगळ्या काढू नयेत. घोडी आणि दोरा सुटून आला असेल तर कागदात बांधून सोबत द्यावा. भोपळा जुन्या गोधडीत गुंडाळावा आणि त्यावर दुसरं सामान अजिबात ठेवू नये. तडा गेलेला असला तरी टाकून देऊ नका, बऱ्याचदा सांधता येतो.

जय सद्गुरू.