गर्भिणीचे पथ्य: प्रायश्चित्त की धर्मकार्य?

गरोदरपणातील मधुमेहाचे निदान झाले की उपचाराची तजवीज होण्यापूर्वीच पुष्कळ घरांत कसुराची चौकशी सुरू होते; सुनेने गोड फार खाल्ले असेल, एखादे व्रत मोडले असेल, नाहीतर पूर्वजन्मीचे संचित आड आले असेल, असे तर्क तिच्यादेखत लढविले जातात. वस्तुतः वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या इन्शुलिनचा प्रभाव क्षीण करतात, आणि तिच्या स्वादुपिंडाला ही वाढती गरज भागविता आली नाही म्हणजे रक्तातील साखर वाढते. ती वार ओलांडून गर्भाकडे जाते, मातेचे इन्शुलिन मात्र जात नाही, म्हणून गर्भ स्वतःचे इन्शुलिन अधिक निर्माण करून प्रमाणाबाहेर वाढतो. यात अपराध कोठे आहे? कर्मसिद्धान्तावर माझी श्रद्धा आहे. परंतु त्याच्या आधारे दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अखत्यार कोणालाही मिळत नाही.

पथ्याला प्रायश्चित्त मानले की ते एकटीने भोगावे लागते. धर्मकार्य मानले तर गृहस्थाश्रमात ते पतिपत्नींनी मिळूनच करावयाचे असते. मग थोडे थोडे, वेळेवर खाणे आणि जेवणानंतर चालणे हा तिच्यासह त्याचाही नेम होतो. दोन आठवडे असे करूनही जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या खाली येत नसेल, तर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन घ्यावे लागते. त्या सुईत शिक्षा पाहणे हे अज्ञान आहे. दिवसभर निराहार राहून सायंकाळी साबुदाण्याची खिचडी खाण्याचा आग्रह तर धर्माच्या नावानेही धरू नये, कारण गर्भिणीचा देह पाहून व्रताचे स्वरूप बदलावे, हे आपल्या निबंधकारांनाही मान्य होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात याहून कोमल दृष्टी आढळते: गर्भिणीची इच्छा फारच तीव्र असेल, तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थाच्या जोडीने तिला द्यावा, अशी मुभा तेथे आहे. डोहाळ्यांचा हक्क नाकारल्यावाचून संयम साधण्याची ही वाट मला फार मोलाची वाटते.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते, घराची सारी दृष्टी पाळण्याकडे वळते, आणि पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव पुष्कळ वाढलेला असूनही बाळंतिणीची फेरतपासणी डिंकाच्या लाडवांच्या गडबडीत राहून जाते. सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन ती करावयाची असते. ही तारीख नवऱ्याने लक्षात ठेवावी; बाळाच्या लसींचीही एक मुदत त्याच आठवड्यात येते, तेव्हा दोघांनाही एकाच दिवशी नेता येईल.